निळी पिशवी

मावशींनी ते भांडण काही कान लावून ऐकलं नव्हतं. त्या आपल्या स्वयंपाकघरात कोबी चिरत होत्या. भिंतीतल्या खिडकीतून जेवणघरातलं बोलणं आपणहून आत आलं, त्याला त्या तरी काय करणार!

"सगळ्यांची कामं फळ्यावर, मग बाजारच तेवढा मावशींकडे का?" ही चष्मेवाली. घरात येऊन महिनाही झाला नव्हता.

"अगं, अठरा वर्षं त्याच आणतात."

"म्हणजे उद्या त्या आजारी पडल्या तर आपण उपाशी?"

घर कॉलेजातल्या चोवीस मुलामुलींनी मिळून चालवलेलं. मांस-अंडं उंबऱ्याबाहेर, रांधणं, भांडी, झाडू पाळीपाळीनं. पगारी माणूस म्हणजे एकट्या मावशी. पोरं यायची-जायची, पण दारामागच्या खुंटीवरची निळी पिशवी मावशींची. ती हातात आली की त्या घराच्या मालकीणबाईच.

हात वर झाले आणि आठवड्यातले तीन दिवस बाजार चष्मेवालीकडे गेला. मावशींच्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की विचारू नका. त्यात पोरीनं भेंडी आणली ती कोवळी लुसलुशीत. "वा, काय भेंडी आहे!" सगळी म्हणाली. अठरा वर्षांत मावशींच्या भेंडीला कुणी वा म्हटलं नव्हतं. मेल्यांनी मुकाट गिळली होती.

एक दिवस तिनं विचारलं, "मावशी, काकडी कुणाकडून घेऊ?"

"कोपऱ्यावरच्या टोपीवाल्याकडून," मावशी बोलून गेल्या. टोपीवाल्याची निम्मी काकडी कडू निघते, हे त्यांना पक्कं ठाऊक. त्या स्वतः तर देठाकडचा तुकडा चाखल्याशिवाय कुणाचीच काकडी पिशवीत टाकत नसत.

दुपारी चोवीस तोंडं वाकडी झाली. मावशींच्या काळजाला गारवा मिळाला. पण संध्याकाळी बैठक भरली, तशा त्या खिडकीशी कान लावून उभ्या राहिल्या. आता ही आपलं नाव घेणार!

चष्मेवाली उभी राहिली. "माझंच चुकलं. चाखून घ्यायला हवी होती."

एवढंच. नाव घेतलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं!

दुसऱ्या दिवशी ती पिशवी घेऊन पुढ्यात हजर. "मावशी, चला. मला चाखायला शिकवा. टोपीवाला म्हणाला, तुम्ही त्याच्याकडे फिरकतसुद्धा नाही."

मावशींना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गेल्या. शिकवलं. आणि जे शिकायला त्यांना वर्ष लागलं, ते कारटीनं चार दिवसांत उचललं. पुन्हा जळफळाट!

पुढल्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. धाकट्या भावानं घरी राहायला बोलावलं. शेवटच्या सकाळी मावशी बाजाराला निघाल्या, तशी चष्मेवाली म्हणाली, "मी येऊ बरोबर?"

"अभ्यासाला बस."

भाजीवालीनं विचारलं, "उद्यापासून रोज ती चष्मेवालीच का?"

"हो. तिला शिळं देऊ नकोस गं." मावशी दोन पावलं गेल्या, परत वळल्या. "आणि माझ्यासाठी भेंडी बाजूला काढून ठेवायचीस, तशी ठेवू नकोस. तिची तिला निवडू दे, माझ्यापेक्षा कोवळी निवडते ती."

मग काकडीचा तुकडा चाखला, दोन किलो मोजून घेतली, आणि घरी येऊन भाजी टोपल्यांत लावल्यावर पिशवी झटकून खुंटीवर अडकवली.