खाजते ना, मग चांगलं

"खाजते का?" हा भाऊंचा पहिला प्रश्न. रामराम नंतर. समोरचा ओशाळून "खाजते" म्हणाला की भाऊ खुलायचे. "खाजते ना? मंग चांगलं हाये."

सत्तरच्या दशकात आम्ही दोघं महारोगाच्या पाहणीवर होतो. लाखांदूरच्या बाजूची गावं आमच्याकडे. भाऊ जुने, मी नवखा. घरोघर जायचं, अंगावर चट्टा दिसला की माणसाला डोळे मिटायला लावायचे आणि चट्ट्यावरून कोंबडीचं पीस फिरवायचं. जिथं लागलं तिथं त्यानं बोट ठेवायचं. बोट ठेवता आलं नाही तर महारोगाचा संशय; तो चट्टा बधिर असतो, खाजतही नाही.

निघायचं मात्र बहुतेक गजकर्णच. भाताच्या रोवणीत बाया दिवसभर चिखलात, ओलं लुगडं अंगावरच वाळणार, घरात सगळ्यांना मिळून एक पंचा. गजकर्ण नसलेलं घर दाखवा आणि बक्षीस घ्या, अशी गत. फॉर्मात त्याला रकाना नव्हता, म्हणून भाऊ समासात बारीक 'ग' काढत.

साहेब एकदा चिडले. "हे मोजायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोनीच नाही सांगत साहेब, म्हून त मोजतो. साऱ्या देशाले खाजून राहिलं, अन् कागदावर देश साफ."

एका घरी नव्या सुनेला गोठ्यात ठेवलं होतं. ताट वेगळं, पाणी वेगळं. मानेवर चट्टा होता तिच्या. भाऊंनी पीस लावलं मात्र, तिनं बोट अचूक ठेवलं. भाऊ तिच्याच गडव्यातलं पाणी घटाघटा प्याले आणि सासूला म्हणाले, "बाई, गजकर्ण होय. तुमच्याबी कमरेले हाये, मंग तुमीबी या गोठ्यात." पोर रडता रडता हसली. त्या दिवशी मला माझ्या नोकरीचा अभिमान वाटला.

भाऊंच्या स्वतःच्या कोपरावरही चट्टा होता. ऐन मे महिन्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा. विचारलं तर म्हणत, "गजकर्ण होय बाबू," आणि करकरा खाजवत. पण कोणी बघत असेल तेव्हाच खाजवतात, हे माझ्या ध्यानात आलं होतं.

एकदा एस.टी.ची वाट बघत झाडाखाली दोघंच बसलो होतो. मी पिशवीतून पीस काढलं. "भाऊ, डोळे मिटा."

त्यांनी माझा हात धरला. "पोरीचं लगन होऊ दे. सोयरीक जुळून राहिली. बापाचं नाव फॉर्मावर आलं त तिले कोन करंल?"

गोळ्या त्यांच्याच पिशवीत होत्या, पण त्या नाव लिहिल्याशिवाय द्यायच्या नाहीत, आणि नाव लिहिलं की गावभर. लवकर या, लपवू नका, हे ते दारोदार सांगत, आणि मी शेजारी मान डोलवत उभा. वर्षभर मी गप्प राहिलो. त्याची लाज मला अजून वाटते.

लग्न झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगाची हळदही पुरती गेली नव्हती, भाऊ माझ्या खोलीवर आले. खाटेवर बसले, बाही वर केली, डोळे मिटले.

मी पीस काढलं. भाऊ बोट उचलून वाट बघत बसले, आमच्यासमोर गावोगावची माणसं बसायची तसे.

"कर ना सुरू, बाबू," ते म्हणाले.

मी तिसऱ्यांदा पीस फिरवत होतो.