पटकीनंतरचं आमचं देऊळ

देवळात बाजाची पेटी वाजवणाऱ्याला किस्से शोधायला जावं लागत नाही बरं का! प्रार्थनेला सगळे डोळे मिटतात, पेटीवाल्याला मात्र उघडे ठेवावे लागतात. मग नको ते सगळं दिसतं, आणि साठत जातं.

आटगाव स्टेशनापासून तासभर चाललं की आमचं ख्रिस्ती देऊळ. कौलारू, चार बाकांचं. मी शाळेत मास्तर आणि रविवारी पेटीवर. एका वर्षी पटकीची साथ आली. बाजार बंद, देऊळ बंद. आमच्यातलीही माणसं गेली. अजून नावं घेवत नाहीत मला.

साथ ओसरली, देऊळ उघडलं. उपासनेला हजर कोण? पाळक शांतवनराव, त्यांची बायको, मी आणि माझी पेटी!

त्यातच मिशनच्या मोठ्या साहेबांचं पत्र आलं. "शिमग्यानंतरच्या पहिल्या रविवारी येतो. पन्नास माणसं दिसली नाहीत तर देऊळ बंद, पाळकांची बदली." शांतवनरावांची उमर त्या कौलांखाली गेलेली. पत्र वाचून दोन दिवस धड जेवले नाहीत. मला फार वाईट वाटलं हो.

*

पाळक घरोघर फिरायला लागले. हौसाबाई अंगणात नाचणी पाखडत होती.

"हौसाबाई, येत का नाही? देवावरचा विश्वास उडाला का?"

"देवावर हाय हो! माज्या शेजारी बसते तिच्यावर नाय!"

शेजारी बसणारी तिची सख्खी जाऊ होती!

*

मग ठरलं, आत दाटीवाटी नको, बाहेर जांभळीखाली बसू. पाळक पांढरा झगा घालून उभे राहिले. शेणवे गावाकडून बाजाराला निघालेली माणसं वळणावर आली, झगा बघितला आणि पाट्या टाकून पळत सुटली.

"टोचनारा आला रेऽ!"

पटकीची सुई टोचणारा डॉक्टरही पांढऱ्यातच यायचा ना! पुढच्या रविवारी पाळक धोतर आणि कोटात उभे राहिले, तर आमचीच माणसं मला विचारतात, "मास्तर, आज पाळक नाय आले?"

*

प्रभुभोजनाला आमच्यात एकाच पेल्यातून सगळे घोट घ्यायचे. जुनी रीत. पटकीनंतर त्या पेल्याला कोणी ओठ लावीना. शेवटी पाळकांनी जाहीर केलं, "ज्यानं त्यानं आपापलं भांडं घरून आणा."

मनुकांचा रस मिळायचा घोटभर. बायकांनी वाट्या आणल्या. दगडूमामा पितळेचा तांब्या घेऊन आला!

"मामा, हे काय?"

"पाळकसाहेब, आमची पापं बगा ना केवडी!"

मी सूर चुकलो. पण भांडं आपापलं म्हटल्यावर माणसं यायला लागली, हे खरं. फक्त पस्तिसाच्या वर आकडा जाईना.

*

साहेब यायच्या आदल्या रविवारी पाळकांनी काना गावच्या लग्नाची गोष्ट सांगितली. लग्नात द्राक्षारस संपतो आणि येशू पाण्याचाच द्राक्षारस करतो, ती.

हौसाबाईनं विचारलं, "आता नाय व्हत का असं?"

"विश्वास असला तर का नाही?" पाळक म्हणाले. झालं!

शनिवारी सरकारी माणूस देवळाच्या विहिरीत लाल औषध टाकून गेला. पुन्हा पटकी नको म्हणून. आम्हाला कोणाला पत्ता नाही. रविवारी सकाळी हौसाबाईनं पोहरा वर ओढला, तर पाणी लाल! तिनं जी बोंब ठोकली ती साऱ्या पाड्यांवर ऐकू गेली.

"द्राक्षारस झाला गोऽ!"

हंडे-कळशा घेऊन सगळे धावले. आमचे आले, हिंदू आले, कधी देवळाची पायरी न चढलेलेही आले. आवारात पाय ठेवायला जागा नाही!

पाळक विहिरीत डोकावले आणि त्यांनी लगेच ओळखलं. मी कानात सांगितलं, "आजचा दिवस गप्प बसा. साहेब वाटेवर आहेत." पण हा माणूस खोटं वागायचा नाही, हीच तर पंचाईत!

"बाबांनो, हा द्राक्षारस नाही. पटकीचं औषध आहे."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. काहींनी हंडे उचलले.

तेवढ्यात हौसाबाई खवळली. "कुटं चाललाव रे? मी घसा फोडून बोलावलं ते काय असंच परत जायला? मास्तर, पेटी घ्या! तुमी बसा गुमान, आत जाऊन!"

आणि बसले की सगळे! बाकांवर, जमिनीवर, हंडे मांडीशी धरून. दुसरं गाणं चालू असताना साहेब दारात आले. बोटांवर मोजायला लागले आणि पन्नाशी उलटल्यावर नाद सोडला. पाळक भर उपासनेत डोळे पुसत होते.

उपासना आटोपल्यावर साहेबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "एवढ्या साथीनंतर हे आपण कसे साधले?"

पाळकांनी जे खरं तेच सांगितलं. "साहेब, विहिरीत औषध टाकलं."

साहेबांनी खिशातून वही-पेन्सिल काढली. "कोणते? मुरबाडचे देऊळही रिकामेच आहे, तिथेही पाठवू!"