सात दिवसांसाठी नेलेला व्हिडिओ

प्रशिक्षण या शब्दाची मला मनापासून चीड होती. सकाळची एसटी पकडायची, कुठल्यातरी सभागृहात भाषणं ऐकायची, एक फाइल, एक पेन आणि प्रमाणपत्र घेऊन संध्याकाळी घरी यायचं. दुसऱ्या दिवशी संगणकासमोर बसलं की कालचं काही म्हणून आठवायचं नाही. यवतमाळच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेल्यावर माझं ठाम मत झालंय की आपलं काम शिकावं ते आपल्यासारखंच काम करणाऱ्या माणसाकडून.

म्हणून आम्ही जिल्ह्यातल्या काही ग्रंथपालांनी ऑनलाइन एक सामायिक फोल्डर उघडलं. ज्याला जे येतं त्यानं ते मोबाइलवर चित्रित करून त्यात टाकायचं, एवढंच. पुस्तकाची नोंद संगणकावर कशी करायची ते मी दाखवलं. लोहाऱ्याकडच्या एका शाळेचे ग्रंथपाल आहेत, त्यांच्या घरी वडिलांपासून बाइंडिंगचं काम चालतं. त्यांनी फाटलेलं पुस्तक शिवून दाखवलं. व्हिडिओत त्यांचे नुसते हात दिसतात आणि मधूनच "जरा आहिस्ता, कागद हाय, पोतं नाही" असं ऐकू येतं. मी तो व्हिडिओ काम नसतानाही बघते.

राळेगाव तालुक्यातल्या एका गावच्या वाचनालयातल्या ताई आमच्यात सगळ्यांत शेवटी आल्या. एका खोलीचं वाचनालय, आणि सांभाळायला त्या एकट्या. वाचनालयाच्या समितीनं नवा संगणक आणला होता आणि ताईंना बजावलं होतं, दिवाळीनंतरच्या बैठकीत आमच्यासमोर पुस्तकाची नोंद करून दाखवा, नाहीतर संगणक येणारा दुसरा माणूस पाहू.

"मॅडम, हे काम गेलं तं मी घरी बसून काय करू?" त्या मला फोनवर म्हणाल्या.

मी म्हटलं, फोल्डरमध्ये सगळं आहे, लागेल ते घ्या. त्यांनी खरंच घेतलं.

दिवाळी तोंडावर आली असताना मी काहीतरी दुरुस्त करायला फोल्डर उघडलं, तर माझा व्हिडिओ गायब. किती दिवसांपासून नव्हता कोण जाणे, पण कुणी चकार शब्द काढला नव्हता. माझं डोकं तापलं. आम्हा ग्रंथपालांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, व्हिडिओ कुणी उडवला ते सांगा, नाहीतर मी हे दुकान बंद करते. थोड्या वेळात ताईंचा फोन आला. आवाजात जराही धाकधूक नाही.

"मॅडम, तो माह्याजवळ हाय. सोमवारी नेला ना, अजून सात दिवस कुठं झाले?"

ताई व्हिडिओ फोल्डरमधून उचलून आपल्या खात्यात हलवत होत्या आणि बघून झाला की मुदतीच्या आत परत ठेवत होत्या. बाइंडिंगचा व्हिडिओही त्यांनी असाच नेला आणि आणून ठेवला होता. मी म्हटलं, अहो, मग बाकीच्यांनी बघायचं काय?

"त्यायनं नंबर लावला हाय ना."

खरोखरच लावला होता. व्हिडिओ ताई नेतात हे ठाऊक असलेल्या दोघातिघांनी त्यांना निरोप पाठवला होता की तुमचं झालं की सांगा. वस्तू जागेवर नाही म्हणजे वाचकानं नेली असेल, मुदत संपली की येईल. सगळा जन्म पुस्तकं देण्याघेण्यात गेलेल्या आमच्या लोकांना यात काही वावगं वाटलंच नव्हतं. मला इतकं हसू आलं की राग कुठल्या कुठे गेला.

ग्रुपवर मी समजावून सांगितलं की व्हिडिओ न्यायचाही नाही आणि आणायचाही नाही, सगळ्यांनी एकाच वेळी तिथंच बघायचा. त्यावर बाइंडिंगवाल्यांनी लिहिलं, "मंग आपलं काम काय उरलं?"

काम उरलं होतं ते ताईंचं. आता रोज संध्याकाळी त्या नोंद करायला बसायच्या आणि अडलं की स्क्रीनचा फोटो ग्रुपवर टाकायच्या. जो मोकळा असेल तो उत्तर द्यायचा.

बैठकीच्या दिवशी भरदुपारी फोटो आला. खाली लिहिलं होतं, "समिती समोर बसून हाय. हे लाल काहून झालं?" माझ्या काउंटरवर विद्यार्थ्यांची रांग होती. मी मोबाइल उचलेपर्यंत तिघांची उत्तरं येऊन पडली होती, दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तकाचा रजिस्टरमधला नंबर, टाकायचा राहिलाय. बाइंडिंगवाल्यांनी नेहमीप्रमाणे "आहिस्ता" लिहिलं होतं. त्यानंतर ग्रुपवर सामसूम. माझं कामात लक्ष लागेना, एकदोन विद्यार्थ्यांवर मी उगीचच खेकसले.

बऱ्याच वेळानं ताईंचा फोन आला.

"राह्यलं काम माह्याकडेच," त्या म्हणाल्या. मग त्यांनी सांगितलं की नोंद झाल्यावर अध्यक्षांनी त्यांना टोकलं होतं, म्हणजे तुमाले स्वतःले येत नाही, दुसऱ्याले इचारून करता.

"मग तुम्ही काय म्हणालात?" मी विचारलं.

"मी म्हटलं, हो, इचारूनच केलं. आजवर मी इथं एकटी होती, इचाराले कोणी नव्हतं. आता हायेत."

चार मजली कॉलेजात बसून मीही इतकी वर्षं एकटीच तर होते.