काना कुठल्या बोटाखाली

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही. देवाजवळही नाही. त्याला सगळं ठाऊकच असतं म्हणतात, मग सांगायची तसदी कशाला घ्या? तुम्हाला सांगते आहे, कारण उद्या मला आर्वीला जायचं आहे, आणि त्याआधी तोंडाला थोडी सवय व्हायला हवी.

गोष्ट टायपिंगची आहे. हसू नका — टायपिंगच्या मशीनवरही माणूस पाप करू शकतो.

वर्ध्यात मी टायपिंग शिकायला जायचे, तेव्हा क्लासमध्ये मराठी मशीन एकच होती आणि मुली दोघी. मी, आणि नालवाडीची शेवंता. सर आमच्या हातांवर फडकं टाकायचे. बटणं दिसता कामा नयेत, नजर कागदावर, आणि कुठलं अक्षर कुठे आहे ते बोटांनीच लक्षात ठेवायचं. उजव्या हाताच्या मधल्या बोटाखाली काना. काना म्हणजे मराठीत पावलोपावली लागणार. शेवंताची बोटं बघता बघता शहाणी झाली. ती टाइप करू लागली की सर डोळे मिटून नुसता आवाज ऐकत बसायचे. आणि मी? मी फडक्याच्या कडेनं हळूच खाली बघायचे.

मैत्रीण होती ती माझी. क्लासच्या मागच्या ओट्यावर बसून मी तिच्या डब्यातली भाकर खायचे. आमच्या घरी हे कळलं असतं तर आंघोळ घालूनच मला आत घेतलं असतं, कारण तिची वस्ती ती — पुढे छप्पन साली जी बौद्ध झाली, ती. मला माझ्या त्या भाकर खाण्याचा फार अभिमान होता. उपकारच करत होते ना मी तिच्यावर! खरं तर भूक मला लागलेली असायची, आणि भाकर तिची असायची.

मग एका कचेरीत मराठी टायपिस्टची जागा निघाली. आम्ही दोघींनी अर्ज केला. नोकरी लागली तर तिला आईचं जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, जाणं बंद करायचं होतं. कापसाची धूळ छातीत बसून तिची आई खोकून खोकून अर्धी झाली होती. आणि माझं? नोकरी नाही लागली तर माझे बाबा मला त्याच उन्हाळ्यात उजवून टाकणार होते. दोघींनाही ती जागा हवीच होती. इथवर काही पाप नाही.

त्या कचेरीत माझा मामा कारकून होता. परीक्षेच्या थोडे दिवस आधी मी त्याचा डबा द्यायला गेले. कोपऱ्यात मशीन होती, मी तिच्यावरचं कापड उचलून पाहिलं. मशीन दुसऱ्याच कंपनीची. अक्षरं सगळी इकडची तिकडे. मधल्या बोटाखाली काना नव्हताच! मी ती मांडणी डोळ्यांत भरून घेतली, घरी येऊन पाट पालथा घातला, त्यावर खडूनं बटणं काढली आणि बोटं फिरवत बसले. आईला वाटलं, पोर रांगोळी शिकते आहे.

रोज क्लासला शेवंताच्या शेजारी बसायचे. रोज वाटायचं, आज सांगू. सांगितलं असतं तर काय झालं असतं? तिला दोन दिवसांत ती मांडणी आली असती, आणि जागा तिची झाली असती. मला हे पक्कं माहीत होतं.

परीक्षेच्या सकाळी कचेरीच्या पायरीवर तिनंच विचारलं, "मंदे, तू गेलती ना मामाच्या हापिसात? मशीन कशी हाये वं?"

मी म्हटलं, "आपल्यासारखीच हाये."

बघा — दोनच शब्द. इतकी वर्षं ते गिळून बसले आहे.

तिचा नंबर आधी लागला. ती बसली, मान ताठ, नजर कागदावर. खाली बघणं म्हणजे तिच्या लेखी कमीपणा. अशी सुटली म्हणून सांगू, घंटी वाजत होती, ओळीमागून ओळ. मग साहेबांनी कागद ओढून काढला आणि मोठ्यानं हसले. एक शब्द धड नव्हता. जितकी ती हुशार, तितका कागद वाया गेलेला. माझ्यासारखी चोरून बघणारी असती तर वाचली असती.

शेवंता लाल झाली. तिनं पहिल्यांदा खाली बघितलं, बटणांकडे. मग उठली. माझ्याजवळून जाताना वाकली आणि कानात म्हणाली, "खाली पाहून करजो वं मंदे. अक्षरं दुसऱ्याच जागी हायेत."

कळलं ना तुम्हाला? जे मी इतक्या दिवसांत केलं नाही, ते तिनं उठता उठता केलं. अपमान अजून चेहऱ्यावर होता, तरी.

आणि मी काय केलं? मान हलवली. बसले. टाइप केलं. नोकरी मला लागली.

ती माझ्या गल्लीतली असती तर मी सांगितलं असतं का? हा प्रश्न मी टाळत आले. आज टाळत नाही. सांगितलं असतं, असं वाटतं. तिचं हरणं कोणाला खटकणार नाही, हे मी मनात कुठेतरी धरून चालले होते. तिची आई पुढे कितीतरी वर्षं जिनात जात राहिली.

शेवंता मात्र तिथे थांबली नाही. मिळेल त्या मशीनवर बसून तिनं ती दुसरी मांडणी शिकून घेतली. आता आर्वीत तिचा स्वतःचा क्लास आहे, दोन्ही तऱ्हेच्या मशीन शेजारी शेजारी. गावोगावच्या पोरी येतात. आई आता खुर्चीवर बसते आणि पोरींना पाणी देते. खोकते, पण कमी. मागच्या महिन्यात मी गेले, तर सगळा क्लास टकटकत होता. आवाज ऐकून इतकं बरं वाटलं, की दारातच रडू आलं.

नव्या पोरींना ती पहिल्या दिवशी फडकं देत नाही. आधी मशीन नीट बघायला लावते. आणि मग स्वतःची फजिती सांगते, अगदी हसत. "ही माही मैत्रीण," माझ्याकडे बोट दाखवून ती म्हणाली, "हिनं खाली पाह्यलं म्हणून निभावलं. मी नाई पाह्यलं. माही चूक." पोरी हसल्या. मी चहा पीत बसले होते. मीही हसले.

उद्या सकाळच्या मोटारीनं जाणार आहे. तिला एकटीला गाठून नाही, त्याच पोरींसमोर बोलणार आहे. त्या चुकीची गोष्ट शिकताहेत. शेवंता काय म्हणेल, ते तिचं. मला एवढंच म्हणायचं आहे — तुझी चूक नव्हती, शेवंते. मशीन मी पाह्यली होती.