जाळीवाल्या काकांची बुडी

बावीस वर्षं जाळीवाले काका तरणतलावाच्या तळाशी जात होते ते छातीत एक श्वास भरून. चार मीटर बुडी मारायची, निचऱ्याची जाळी उचकटायची, केसांचा गुंता ओढून काढायचा आणि वर यायचं. याचं कौतुक त्यांना स्वतःला होतं, आणि तेवढं पुरत होतं.

मग नियम आला. तळाशी काम करायचं तर पाणबुड्याचं प्राथमिक प्रमाणपत्र हवं; नसेल तर तिकीटखिडकीवर बसा.

"खिडकीवर?" बायकोला हसू आवरेना. "म्हणजे तुम्ही माणसांशी बोलणार?"

काकांनी प्रमाणपत्राच्या वर्गात नाव घातलं.

वर्ग त्यांच्याच तलावात भरायचा. प्रशिक्षिका त्यांच्या लेकीच्या वयाची. तिने त्यांच्या पाठीवर सिलिंडर चढवला, तोंडात नळी दिली आणि बजावलं, "श्वास कधीच धरायचा नाही. वर येताना धरलात तर फुप्फुसं फुटतील."

काकांनी मान डोलावली, खाली गेले आणि श्वास धरून बसले. आठ दिवस हेच. पाठीवर तासाभराची हवा, आणि गृहस्थांचा कडक उपास.

"काका, हवा आहे ना, घ्या की!"

"घेतो की. वर आल्यावर."

परीक्षेच्या दिवशी दोघं तळाशी समोरासमोर गुडघे टेकून बसली. काकांच्या नळीतून एक बुडबुडा निघेल तर शपथ. शेवटी तिने बोटाची चिकटपट्टी सोडवली आणि सकाळीच काकांनी घासलेल्या फरशीवर शांतपणे चिकटवली.

काका बघतच राहिले. मग नळीतून गुरगुर सुरू झाली. चिकटपट्ट्या, केसांच्या पिना, पाण्यात थुंकणारी सज्जन मंडळी, बावीस वर्षांचं सगळं बुडबुड्यांवाटे बाहेर पडू लागलं. बोलायचं म्हणजे मध्ये श्वास घ्यावाच लागतो. काका बोलत बोलत वरपर्यंत आले.

"पास!" ती म्हणाली. "पण मला काय काय बोललात हो?"

"कुठे काय, मॅडम. श्वास घेत होतो."

दुपारी ते रीतसर जाळी साफ करायला उतरले. नियमाप्रमाणे सोबतीला ती. दहा मिनिटांत जाळी झाली. तिने वर चलायची खूण केली. काकांनी कोपऱ्यातली शेवाळाची रेघ दाखवली. आता घाई कसली? तिने पुन्हा खूण केली. काकांनी तिच्या हातात दुसरा ब्रश दिला.