चार किलोंत दोन सीट

माझ्या सासऱ्यांना सगळे ‘गादीवाले’ म्हणतात. चाळीस वर्षं त्यांनी सोफे, बसच्या सीट, दवाखान्यातली बाकं शिवली, आणि एकदा तर दातांच्या डॉक्टरांची अख्खी खुर्ची. दुकान बंद करून पाच वर्षं झाली, पण कुणाकडे पाहुणे म्हणून गेलं तरी ते आधी सोफ्यात मूठ रोवून बघणार आणि मगच टेकणार. एकदा माझ्या माहेरी म्हणाले, “हा फोम नाही, भुसा आहे.” माझ्या वडिलांनी ते अजून मनातून काढलेलं नाही.

कामाचे त्यांचे दोन नियम. एक, जे दिसत नाही तेही दिसणाऱ्याइतकंच चांगलं करायचं. दुसरा, प्रत्येक सीटच्या पोटात त्याच कापडाचा हातभर तुकडा घडी घालून शिवून ठेवायचा, म्हणजे पुढे कधी फाटलं तर ठिगळ जुळतं. शिवाय माल भरताना हात आखडता घ्यायचा नाही, पण तो नियम नव्हे, स्वभाव.

या स्वभावाचा सासूबाईंना जाच झाला, हे मी आधीच सांगून टाकते. शेवटची दोन वर्षं त्यांची पाठ गेली होती. सासऱ्यांनीच केलेल्या खिडकीजवळच्या खुर्चीत त्या बसायच्या आणि दहा मिनिटांत “खाली टोचतंय हो” म्हणायच्या. सासरे लगेच फोमचा आणखी एक थर घालायचे. असं तीनदा झालं. चौथ्यांदा म्हणाले, “चाळीस वर्षांत एका गिऱ्हाइकाची तक्रार नाही.” त्यानंतर सासूबाईंनी तो विषयच काढला नाही. त्या गेल्या. खुर्ची तिथंच आहे आणि तिच्यात कुणी बसत नाही.

तर एके सकाळी सासऱ्यांचे जुने स्नेही आले. पंपांच्या कारखान्यात जन्मभर फिटर होते, म्हणून आम्ही त्यांना फिटरकाका म्हणतो. निवृत्त झाल्यापासून नऊ वर्षं एका भाड्याच्या शेडमध्ये ते विमान बनवत होते, खरंखुरं, दोन माणसांचं. आम्ही सगळे त्यावर हसून घ्यायचो. पण आता इंजिन बसलं होतं, चालूही झालं होतं. राहिलं होतं फक्त आतलं काम.

“इंजिनानं सगळं खाल्लं,” फिटरकाका म्हणाले. “तयार सीट मला परवडत नाहीत. सामान आणून देतो, पण मजुरीचं काही जमायचं नाही.”

“मजुरीचं नाव काढाल तर चहा मिळणार नाही,” सासरे म्हणाले. पाच वर्षांत त्यांच्याकडे कुणी काम घेऊन आलं नव्हतं. त्यांनी लगेच कपाटातून कातर काढली, ती बघून मला बरं वाटलं.

फिटरकाकांच्या दोन अटी होत्या. सीट, खालचं कार्पेट, बाजूच्या भिंती, सगळं मिळून चार किलो, वर एक ग्रॅम नाही. आणि काकूंना बसता आलं पाहिजे. काकू दोन वर्षांपूर्वी जिन्यावरून घसरून माकडहाडावर आपटल्या होत्या. तेव्हापासून दहा मिनिटांच्या वर त्यांना बसवत नाही. जेवतातसुद्धा उभ्यानंच.

“ती बसणार नसेल तर मी उडवणार नाही,” काका म्हणाले. “एकट्यासाठी मी दोन सीट केलेल्या नाहीत.”

पुढचे पंधरा दिवस माझ्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा झाली. विमानात पेट घेणारं काही नको, म्हणून प्रत्येक तुकड्याला गॅसजवळ उभं राहून काडी लावायची. एका प्रदर्शनाच्या मांडवातलं कार्पेट फुकट मिळत होतं. त्याला काडी लावली तर ते पेटलं आणि थेंब थेंब माझ्या ओट्यावर गळायला लागलं. मी काय बोलले ते इथं लिहीत नाही. शेवटी गाड्यांच्या सीट शिवणाऱ्या एका जुन्या शिष्याकडून चांगल्या कापडाची आणि कार्पेटची कात्रणं मिळाली. काडी काढली की लगेच विझायची. राखाडी आणि निळी अशी दोन रंगांची होती, म्हणून विमान आतून दोन रंगी झालं. मुद्दाम केल्यासारखं दिसत होतं.

काम पूर्ण झालं त्या दिवशी मीही शेडमध्ये गेले. टाका न् टाका सरळ. सीट अशा गुबगुबीत की बघूनच झोप यावी. फिटरकाकांनी विमानाच्या तिन्ही चाकांखाली वजनकाटे ठेवले, वहीतलं आधीचं वजन वजा केलं, आणि पेन्सिल कानावर ठेवली.

“पाच किलो शंभर ग्रॅम,” ते म्हणाले.

मग शोध सुरू झाला. सीट उचलली, तर तिच्या खालीही कार्पेट.

“इथं कोण बघणार आहे?” काकांनी विचारलं.

“मी,” सासरे म्हणाले.

सीटच्या पोटातून कापडाच्या घड्या निघाल्या. चिकटवायचं सोल्युशन तर सासऱ्यांनी ब्रशनं दोन-दोन हात फासलं होतं, आणि ते वाळलं म्हणून त्याचं सगळं वजन काही उडून जात नाही. काका एकेक गोष्ट दाखवत होते, चिडून नव्हे, पण सासऱ्यांचा चेहरा पडत चालला. स्वतःच्या हातचं चांगलं काम उचकटायचं म्हणजे जिवावरच येतं. ते घरी आले आणि दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. “बाबा, रुसून बसायला तुम्हाला निदान बसता तरी येतं,” मी म्हटलं. “काकूंचं काय?”

माझ्याकडे रागानं बघत त्यांनी चपला घातल्या. मीही मागोमाग गेले, कारण तोंड उघडलं होतं तर निस्तरायला हवं होतं.

त्यांनी सीटखालचं कार्पेट काढलं. भिंतींचं काढून नुसत्या कडांना सोल्युशनचे ठिपके देऊन परत लावलं. घड्या काढून काकूंच्या हातात दिल्या, “घरी ठेवा, ठिगळाला लागतील.” फिटरकाकांनी आपल्या सीटचा अर्धा फोम काढायला लावला. तरी काटा दोनशे ग्रॅम जास्तच दाखवत होता. आता हात घालायला एकच जागा उरली होती, काकूंची सीट. तिला तर सासऱ्यांनी सगळ्यात जास्त माल भरला होता.

“वहिनी, एकदा बसा,” सासरे म्हणाले. “कुठून काढलं तर चालेल, तेवढं सांगा.”

काकू जपून आत चढल्या, टेकल्या आणि लगेच कळवळल्या. मग अंग जरा उचलून त्यांनी मागे हात नेला आणि नेमकं बोट ठेवलं. “हे इथलं काढा ना, भाऊजी. मला इथं काही टेकायलाच नकोय. जेवढं भरता तेवढं तिथंच रुततं.”

सासरे त्या बोटाकडे बघत राहिले. मग खडूनं खूण केली, सीट मांडीवर घेतली आणि मागच्या बाजूनं जादा भरलेला फोम कापत गेले. मध्ये तळहाताएवढी खाच केली, दोन्ही बाजूंना मांड्यांना आधार ठेवला, आणि वरून कापड सैल घेऊन शिवलं.

काट्यावर चार किलोला वीस ग्रॅम कमी भरले.

काकू पुन्हा बसल्या. फिटरकाका हातातल्या घड्याळाकडे बघत उभे. दहा मिनिटं झाली, काकू समोरच्या पॅनेलवरच्या काट्यांबद्दल हे काय नि ते काय विचारत होत्या. वीस झाली. पस्तिसाव्या मिनिटाला म्हणाल्या, “अहो, असे उभे काय? तुमची सीट रिकामी आहे.” काका शेजारी जाऊन बसले आणि घड्याळ बघायचं विसरले. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

मला वाटलं, आता सासरे मूठ आपटून म्हणतील, बघा गादीवाल्याचं काम. ते फक्त म्हणाले, “चल, घरी जाऊ.”

घरी आल्यावर त्यांनी खिडकीजवळची खुर्ची उलटी केली आणि दाभणानं टाके उसवले. तिला कुणी हात लावलेला मला चालत नाही, म्हणून मी ओरडणार होते, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. एकावर एक तीन थर निघाले. ते बाजूला ठेवून त्यांनी मूळच्या फोमला तशीच खाच केली. जुनं कापड काढताना फाटलं, तेव्हा खुर्चीच्या पोटातली घडी उलगडून ठिगळ लावलं. वरचं कापड उन्हानं विटलं होतं, घडीतलं अजून गर्द हिरवं होतं.

“बस,” ते म्हणाले.

मी बसले. माझीही कंबर दिवसभर ओट्याशी उभं राहून दुखते, हे मी कधी कुणाला सांगितलेलं नाही.

“टोचतंय?”

“नाही, बाबा. काहीच नाही.”

त्यांनी दाभण डबीत ठेवलं, डबीचं झाकण लावलं.

“तिनं चारदा सांगितलं,” ते म्हणाले. “मी तीनदा फोम आणला. कुठं टोचतंय, हे एकदाही विचारलं नाही.”

मला उठावंसं वाटत होतं, पण ते माझ्या बसण्याकडे बघत होते, म्हणून मी अंधार पडेपर्यंत तशीच बसून राहिले.