गुरम्मा आणि न उमटणारा अंगठा

महापालिकेच्या त्या शाळेत मुख्याध्यापक म्हणून महेश्वर सरांचं नाव असलं, तरी कुणाच्या घरी काय चाललंय हे विचारायचं ते खिचडी शिजवणाऱ्या गुरम्माला. चौदा वर्षं तिनं त्या शेगडीपुढं काढलेली. घरात कानडी, शाळेत मराठी आणि रागावली की दोन्ही एकदम.

सर माणूस सरळ, पण पुस्तकी. धान्य, औषधं, शिष्यवृत्ती, सरकारातून जे मिळतं ते गरजू घरांना मिळवून द्यावं, म्हणून त्यांनी मुलांच्या हाती आयांना चिठ्ठ्या धाडल्या : 'घरात काही अडचण असल्यास कळवावे.' परत आलेल्या चिठ्ठ्यांवर एकच उत्तर, 'अडचण नाही.' एकीनं तर लिहिलं होतं, 'सोमवारी होती, आता नाही.' सर चक्रावले. त्यांनी ती चिठ्ठी वाचून दाखवली तेव्हा गुरम्मा पदर तोंडाला लावून अशी हसली, की हातातला डाव खाली पडला. बायका अडचण कशाला म्हणतात, चार दिवस देवापासून लांब का राहतात, हे सरांना सांगावं कसं? शेवटी तिनं एवढंच सांगितलं, की घरी बायकोला विचारा. दुसऱ्या दिवशी सर शाळेत आले ते मान खाली घालूनच.

हसून झाल्यावर मात्र गुरम्माला वाईट वाटलं. शब्द दुसरा असता, तरी उत्तर हेच आलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे गरिबाघरी जरा जास्तच पाळतात. मग ती शाळा सुटताना फाटकाशी उभी राहू लागली. आई कानडी असली तर 'ऊटा आतेन?', म्हणजे जेवण झालं का, आणि मराठी असली तर 'आज काय केलंतं?' एवढंच विचारायची. स्वयंपाकाबद्दल बाई खोटं बोलली, की गुरम्माला ते लगेच कळायचं.

रंभाबाई खोटं बोलली. ती वळसंगहून शहरात आलेली, विड्या वळणारी. नवरा वारलेला, घरात ती आणि पाचवीतली पायल. वांग्याची भाजी केली म्हणाली आणि सरळ सरांकडे जाऊन पायलचा शाळा सोडल्याचा दाखला मागू लागली. पोरीला दुधनीला मामाकडं ठेवणार होती, मामीच्या हाताखाली. तिथं शाळेचं काय, असं सरांनी विचारलं, तर म्हणाली, "बघू की."

दाराशी उभी गुरम्मा ते ऐकत होती. तिची स्वतःची शाळा चौथीनंतर याच दोन शब्दांत संपली होती.

तिनं रंभाबाईला स्वयंपाकखोलीत नेऊन बसवलं आणि घरातलं धान्य कधी संपलं ते विचारलं. रंभाबाईनं उजवा अंगठा पुढं केला. वीस वर्षं पानं आणि तंबाखू चोळून तो गुळगुळीत झाला होता, बाकीची बोटंही तशीच. रेशन दुकानातलं मशीन त्याला ओळखत नव्हतं आणि तीन महिने ती रिकामी पिशवी घेऊन परतत होती. शिकलेले लोक अडाण्यांना अंगठेबहाद्दर म्हणून हसतात. हिच्याजवळ तर अंगठाही राहिला नव्हता.

कार्डावरच्या कुणाचाही अंगठा चालतो, हे गुरम्माला रेशनच्या रांगेतच कळलेलं होतं. कार्डावर मायलेकी दोघीच. पण पायलचं आधार ती तान्ही असतानाचं, त्यात बोटांचे ठसे नव्हते. तेव्हा गुरम्मानं सरांना दोन कामं सांगितली. दाखल्याचे कागद संपलेत म्हणून रंभाबाईला पंधरा-वीस दिवस थोपवायचं आणि आधारचं मशीन शाळेतच बोलवायचं. सर आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले आणि बरंच म्हणायचं, चांगलं बोलले. तोवर गुरम्मा रोज स्वतःच्या घरची ज्वारी रंभाबाईकडं पोचवत राहिली. मशीन आलं, तेव्हा पायलसकट अडतीस मुलांचे ठसे घेतले गेले.

नवे ठसे चढल्याचं कळलं त्या दिवशी तिघी रेशन दुकानात गेल्या. पायलनं अंगठा ठेवला. मशीननं नाकारला. रंभाबाईनं पिशवीची घडी घातली. गुरम्मानं पोरीचा अंगठा पदरानं खसखसून पुसला आणि पुन्हा टेकवायला लावला. यावेळी पावती सरसर बाहेर आली.

तांदळानं भरलेली पिशवी रंभाबाईनं दोन्ही हातांनी धरली. रांगेत तिच्याच विडी कारखान्यातल्या बायका उभ्या होत्या. त्यांच्याकडं वळून ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "तीन महिनं माझ्या घरात दाणा नव्हता. अंगठा लागत न्हवता म्हनून. पोरीलाबी मामाकडं धाडाया निघाले हुते. मी कुनाला सांगितलं न्हाय."

मग मागं उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईनं आपला अंगठा वर केला. "माजाबी लागत न्हाय," ती म्हणाली. तिच्या शेजारणीनं केला. मग आणखी एकीनं.

गुरम्मा दुकानाच्या पायरीवर बसली आणि तिला रडू आलं, इतकं बरं वाटत होतं तिला. आता बायका आपणहून सांगत होत्या.